जुन्या मोटारीचे इंजिन : आधी ओळख, मग उपचार

वाड्याच्या मागच्या छपरीत, ताडपत्रीखाली, चारही टायर जमिनीला टेकलेली एक मोटार उभी असते. 'ही आजोबांची फोर्ड', एवढेच घरातील सर्वांना ठाऊक असते. ती कोणत्या साली घेतली, कधी बंद पडली, तिचे इंजिन मूळचे आहे की मागाहून बदललेले, हे सांगू शकणारी पिढी आता राहिलेली नाही. मग एखाद्या दिवाळीला घरातील तरुण मंडळी उत्साहाने पुढे सरसावतात. बॅटरी आणली जाते, टाकीत पेट्रोल ओतले जाते, हँडल फिरत नाही म्हणून गाडीला दोर बांधून ती जीपने ओढली जाते. आतून 'खट्' असा आवाज येतो आणि पन्नास वर्षे शाबूत राहिलेले इंजिन पाच मिनिटांत निकामी होते.

जुन्या मोटारींचे सर्वाधिक नुकसान गंजाने होते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात गंज हळूहळू चालतो. घाई मात्र एका क्षणात घात करते. म्हणूनच अशा इंजिनाच्या बाबतीत वैद्यकातला जुना नियम पाळणे हिताचे ठरते. आधी रोगी कोण, हे ओळखावे. मग रोग कोणता, हे पाहावे. आणि औषधाला हात त्यानंतरच घालावा. हा क्रम कसा पाळायचा, हे समजून घेण्यासाठी फोर्डच्या 'मॉडेल टी'सारखे उदाहरण नाही. १९०८ ते १९२७ या काळात अमेरिकेत या मोटारीची दीड कोटी इंजिने तयार झाली आणि सामान्य कुटुंबाच्या दारात मोटार उभी राहिली ती प्रामुख्याने हिच्यामुळे.

<b>क्रमांक काय सांगतो?</b>

आजच्या मोटारीची ओळख तिच्या चॅसिस क्रमांकावर ठरते. 'मॉडेल टी'चा मामला वेगळा होता. तिच्या इंजिनाचा क्रमांक हाच गाडीचा क्रमांक असे. चॅसिसवर क्रमांक ठोकण्याची पद्धत फोर्डने १९२५ च्या अखेरीस सुरू केली. त्यामुळे त्याआधीच्या गाडीचे इंजिन हरवले, की तिचा जन्मदाखलाच हरवतो.

चालकाच्या आसनावरून पुढे पाहिले असता इंजिनाच्या डाव्या अंगाला, रेडिएटरकडून येणारे पाणी ज्या तोंडातून ब्लॉकमध्ये शिरते त्याच्या वरच्या बाजूस, एक लहानसा सपाट उंचवटा असतो. क्रमांक तेथे ठोकलेला आढळतो. (अगदी सुरुवातीच्या काही वर्षांत तो अन्यत्र असे.) त्यावर तेल व धूळ यांचा जाड थर बसलेला असतो. तो रॉकेल आणि मऊ ब्रश यांनीच काढावा. ग्राइंडर, वायर ब्रश किंवा वाळूचा फवारा तेथे वापरू नये. शंभर वर्षांपूर्वी हाताने ठोकलेले अंक फार खोल नसतात. एकदा घासले गेले की परत मिळत नाहीत.

क्रमांक वाचता आला, की काळाचा अंदाज येतो. दहा लाखावे इंजिन १९१५ च्या डिसेंबरमध्ये तयार झाले, एक कोटीवे १९२४ च्या जूनमध्ये, आणि दीड कोटीवे २६ मे १९२७ रोजी. या टप्प्यांच्या मध्ये आपला आकडा कोठे बसतो, ते पाहावे.

मात्र भारतातील गाड्यांबाबत येथे एक मोठी गफलत होते. ब्रिटन व आयर्लंड वगळता ब्रिटिश साम्राज्यातील बहुतेक देशांना फोर्डच्या गाड्या पुरवण्याचा अधिकार कॅनडातील फोर्ड कंपनीकडे होता. १९२६ मध्ये मुंबईत स्थापन झालेली फोर्डची भारतीय कंपनीही कॅनडाच्याच अखत्यारीत होती. कॅनडात तयार झालेल्या इंजिनांची क्रमांकमाला स्वतंत्र असून तिच्या आरंभी 'सी' हे इंग्रजी अक्षर असते. हे अक्षर धुळीत झाकलेले राहिले आणि उरलेला आकडा अमेरिकन कोष्टकात शोधला, तर १९२० नंतरची गाडी सहज दहा वर्षांनी 'म्हातारी' ठरते. घराण्याच्या अभिमानाला ते सुखावते, पण ते खरे नसते.

क्रमांकापूर्वी 'ए' हे अक्षर असेल, तर इंजिन 'मॉडेल टी'चे नव्हे, तर १९२७ अखेर तिच्या जागी आलेल्या 'मॉडेल ए'चे असते. दोहोंतला फरक नजरेनेही कळतो. 'टी'चे इंजिन २० अश्वशक्तीचे, तर 'ए'चे ४० अश्वशक्तीचे. 'ए'मध्ये पाण्याचा पंप असतो. 'टी'मध्ये मात्र अगदी पहिली सुमारे अडीच हजार इंजिने सोडली तर पंप नाहीच.

<b>ओतकामाची साक्ष</b>

क्रमांक सापडला म्हणजे ओळख पूर्ण झाली, असे समजू नये. ब्लॉक तडकला की फोर्डच्या विक्रेत्याकडून नवा ब्लॉक मिळत असे. तो कोरा येई आणि गाडीचा जुना क्रमांक त्यावर ठोकला जाई. शिवाय 'मॉडेल टी' बंद झाल्यावरही दुरुस्तीसाठी तिची इंजिने १९४१ पर्यंत तयार होत होती. म्हणजे १९१७ चा क्रमांक मिरवणारा ब्लॉक प्रत्यक्षात १९२५ चा असू शकतो, आणि त्यात कोणाची लबाडी असेलच असे नाही.

हा उलगडा ओतकाम करते. पहिल्या काही वर्षांनंतरच्या बहुतेक ब्लॉकवर ओतकामाची तारीख उठावदार आकड्यांत आढळते. महिना, दिवस आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक, असा तिचा क्रम. ओतकाम झाल्यावर इंजिन जुळवून क्रमांक पडेपर्यंत काही दिवस ते काही आठवडे जात. त्यामुळे ही तारीख क्रमांकाच्या वर्षाशी जुळली, तर साक्ष पक्की. फरक वर्षांचा असेल, तर ब्लॉक बदललेला आहे, असे समजावे.

इंजिनाची घडणही बोलते. १९११ च्या आधीच्या 'टी'मध्ये झडपांच्या स्प्रिंग उघड्या दिसतात. त्यानंतर त्यांच्यावर दोन झाकणे आली आणि १९२२ च्या सुमारास दोन झाकणांच्या जागी एकच लांब झाकण आले. इंजिनाचे हेड १९१७ च्या सुमारास उंच झाले. विजेचा स्टार्टर १९१९ पासून मिळू लागला. त्यासाठी इंजिनाच्या बांधणीत बदल करावे लागले. अशा चार-पाच खुणा कागदावर लिहून काढल्या, की कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून आलेला, याचे चित्र स्पष्ट होते.

<b>नाव-गाव नसलेले इंजिन</b>

गाडी नाहीशी झाली आहे आणि नुसते इंजिन कोपऱ्यात पडले आहे, त्याचा क्रमांकही गंजून गेला आहे, अशी वेळ आली तर? तेव्हा मोजपट्टी घ्यावी. दोनच मापे पुरेशी असतात. सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, आणि पिस्टन वर-खाली जितके अंतर कापतो ते, म्हणजे स्ट्रोक. 'मॉडेल टी'चा बोअर पावणेचार इंच आणि स्ट्रोक चार इंच. चार सिलिंडर मिळून सुमारे २.९ लिटर.

याउलट बोअर अरुंद आणि स्ट्रोक लांब असेल, तर इंजिन ब्रिटिश असण्याचा संभव अधिक. याचे कारण यंत्रशास्त्रात नसून करपद्धतीत आहे. १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर दर अश्वशक्तीला एक पौंड असा वार्षिक कर होता आणि ही अश्वशक्ती प्रत्यक्ष न मोजता केवळ सिलिंडरच्या व्यासावरून व संख्येवरून काढली जाई. स्ट्रोकला कर नव्हता. साहजिकच तेथील अभियंत्यांनी बोअर आवळला आणि स्ट्रोक वाढवला. मध्यमवर्गीय ब्रिटिश कुटुंबांची लाडकी 'ऑस्टिन सेव्हन' (१९२२ ते १९३९) याचे उत्तम उदाहरण. बोअर ५६ मिलिमीटर, स्ट्रोक ७६ मिलिमीटर, एकूण क्षमता ७४७ घन सेंटिमीटर. कराच्या हिशेबाने ती ७.८ अश्वशक्तीची ठरे. त्याच हिशेबाने रुंद बोअरची 'मॉडेल टी' मात्र २२.५ अश्वशक्तीची ठरून मालकाचा खिसा रिकामा करी. 'सेव्हन'ची आणखी एक खूण म्हणजे तिचा क्रँककेस ॲल्युमिनियमचा आणि त्यावर बसवलेला ब्लॉक बिडाचा असतो. 'टी'मध्ये सिलिंडर आणि क्रँककेसचा वरचा भाग हे एकाच बिडाच्या ओतकामात असतात.

झडपा कोठे आहेत, हेही पाहावे. त्या सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्ये असतील, तर त्या काळातील बहुसंख्य इंजिनांपैकी ते एक. त्या वर हेडमध्ये असून सिलिंडर सहा असतील, तर १९२९ पासूनच्या शेव्हरोलेची आठवण करावी. जनरल मोटर्सने मुंबईत १९२८ मध्ये मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता. त्यामुळे आपल्याकडे या इंजिनाशी गाठ पडणे अगदी शक्य आहे. आणि सिलिंडर एकेकटे किंवा जोडीजोडीने ओतून क्रँककेसवर बसवलेले दिसले, तर इंजिन बहुधा पहिल्या महायुद्धापूर्वीचे असते. ते पाहताच हत्यारे खाली ठेवावीत आणि जाणकाराला बोलवावे.

<b>जाम इंजिन : धीर हेच औषध</b>

ओळख पटली, आता तपासणी. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटतात. कोकणातील खारी हवा असो की देशावरचा पावसाळा, ज्या सिलिंडरची झडप उघडी राहून गेली असेल त्यात दमट हवा थेट शिरते. म्हणून चारपैकी एखादाच सिलिंडर जाम असल्याचे पुष्कळदा आढळते.

सर्वप्रथम प्लग काढावेत. त्या छिद्रांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सैल करणारे पातळ तेल सोडावे. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल समभाग मिसळून वापरण्याची पद्धत जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींत रूढ आहे. हे मिश्रण ज्वालाग्राही असल्याने ते उघड्या हवेत आणि विस्तवापासून दूर हाताळावे. मग थांबावे. एक-दोन दिवस नव्हे, तर एक-दोन आठवडे. मधूनमधून तेल पुन्हा सोडावे. त्यानंतर हँडलवर हलकेच दाब देऊन पाहावा. केसभर जरी हालचाल झाली, तरी पुढे-मागे करीत ती वाढवावी. जोर लावण्याचा मोह आवरावा. गाडी ओढून किंवा लांब पाइप अडकवून बळजबरी केली, की रिंग तुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो, नाहीतर चिकटलेल्या झडपेखालचा कॅमशाफ्ट दुखावतो.

तरीही इंजिन हलले नाही, तर हेड खोलावे. 'मॉडेल टी' येथे आपल्याला साथ देते. तिचे हेड सुटे असून ते केवळ १५ बोल्टांनी बसवलेले असते. मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या मोटारीला असे सुटे हेड देणे, ही त्या काळी नवलाई होती. हेड निघाले की सिलिंडरची भिंत, झडपा आणि पिस्टनचे माथे डोळ्यांसमोर येतात. पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावेत. लोखंडी हातोडी थेट लावू नये.

इंजिन मोकळे झाल्यावर खालच्या बाजूने बेअरिंग पाहावीत. त्या काळी आजच्यासारखे तयार बेअरिंग नव्हते. कथिलप्रधान 'व्हाइट मेटल' वितळवून ते जागेवरच ओतले जाई आणि मापात घासले जाई. ही मिश्रधातू मऊ असते. तेल तुटले की ती वितळते. कनेक्टिंग रॉड हाताने वर-खाली हलवून ढिलाई जाणवली, तर झाकणाखालच्या पातळ पत्र्या, म्हणजे शिम, कमी करून काही वेळा काम भागते. धातूला तडे गेले असतील, तर ती नव्याने ओतावी लागते. हे काम करणारे कारागीर आता विरळ झाले आहेत. तेव्हा असा मिस्त्री मिळाल्यास त्याने मागितलेला वेळ द्यावा.

<b>पाणी, तेल आणि ठिणगी</b>

'मॉडेल टी'मध्ये पाणी फिरवायला पंप नाही आणि तेल ढकलायलाही पंप नाही. गरम पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरते. एवढ्यावरच इंजिन थंड राहते. ही योजना साधी, पण तिचा प्रवाह मंद. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने आत क्षारांचा थर बसला असेल, तर हा प्रवाह थांबतोच. ब्लॉक आणि रेडिएटर दोन्ही पूर्ण साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तेलाचेही तसेच. फिरणारे फ्लायव्हील तळातले तेल उडवते आणि एक बारीक नळी त्यातले काही इंजिनाच्या पुढच्या टोकाला पोहोचवते. ही नळी गाळाने तुंबली, तर गाडीच्या डॅशबोर्डवर कोणताही काटा इशारा देत नाही, कारण असा काटाच नसतो. पुढचे बेअरिंग जळाले की मगच कळते. म्हणून जुने तेल काढून तळाचा गाळ खरवडून काढणे आणि नळी मोकळी असल्याची खात्री करणे हे काम टाळता येत नाही. नवे तेल सुमारे पावणेचार लिटर लागते. ते किती आहे हे पाहण्यासाठी मागच्या बाजूस खाली-वर दोन लहान तोट्या असतात. तेलाची पातळी त्या दोहोंच्या दरम्यान राहिली पाहिजे.

ठिणगीची व्यवस्था मात्र खास फोर्डची. फ्लायव्हीलवर इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे १६ चुंबक असतात. ते फिरताना वीज तयार होते आणि लाकडी पेटीतील चार कंपन कॉइल तिचे रूपांतर ठिणगीत करतात. दीर्घ काळ पडून राहिलेले चुंबक क्षीण होतात. इंजिन न उघडताही त्यांना पुन्हा चुंबकत्व देता येते. कॉइलमधील जुने कंडेन्सर बहुधा बदलावेच लागतात. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक. बॅटरीची तार मॅग्नेटोच्या टोकाला कधीही जोडू नये. चुंबकांचे उरलेसुरले बळही त्यामुळे नाहीसे होते.

<b>आजचे पेट्रोल चालेल का?</b>

शिसेविरहित पेट्रोलने जुने इंजिन खराब होईल, अशी भीती अनेकांना वाटते. १९२० च्या आसपासच्या इंजिनांपुरती ती निराधार आहे. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्यास अमेरिकेत १९२३ मध्ये प्रारंभ झाला. 'मॉडेल टी'चा आराखडा त्यापूर्वी पंधरा वर्षांचा. शिसे नसलेल्या, हलक्या प्रतीच्या इंधनासाठीच ती घडवली होती.

खरी अडचण इथेनॉलची आहे. आज आपल्याकडील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषून घेते, जुने रबर फुगवते, आणि कार्बोरेटरमधील बुचाच्या तरंगत्या गोळ्यावर चढवलेले लाखेचे जुने रोगण विरघळवते. मग तो गोळा पेट्रोल पिऊन बुडतो, कार्बोरेटर भरून वाहू लागतो आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळते. म्हणून इथेनॉलला दाद न देणारा गोळा व नळ्या बसवाव्यात, टाकी आतून गंजमुक्त करावी आणि गाडी उभी ठेवताना कार्बोरेटर रिकामा करावा.

<b>पहिले हँडल</b>

सारे जमल्यावरही पहिला प्रयत्न उघड्या जागी, आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवून करावा. पुढच्या चाकांना दगड लावावेत. 'टी'मध्ये हँडल मारतानाच गाडी हळूच पुढे सरकू पाहते. म्हणून मागचे एक चाक जॅकवर उचललेले बरे.

हँडल मारण्यापूर्वी ठिणगीचा दांडा पूर्ण मागे घेतलेला असावा. ठिणगी वेळेआधी पडली, तर इंजिन उलटा झटका देते. त्या झटक्याने मनगटे मोडल्याच्या कहाण्या जुन्या पिढीने ऐकवल्या आहेत आणि त्या अतिशयोक्त नाहीत. कॅडिलॅकने १९१२ साली विजेचा स्टार्टर आणला, त्यामागे हाच धोका होता. हँडल डाव्या हाताने धरावे, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, आणि खालून वर ओढावे. वरून खाली कधीही दाबू नये.

बॅटरीवर चावी फिरवली, की आधी कॉइलची भुणभुण ऐकू येते. ती आली म्हणजे वीज पोहोचली. मग एक ओढ, दुसरी ओढ. आणि सारे नीट केले असेल, तर इंजिन खोकत, धुराचा लोट सोडत जागे होते. पहिल्या वेळी ते दोन मिनिटांहून अधिक चालवू नये. बंद करून तेल, पाणी, बोल्ट, गळती पुन्हा तपासावी.

<b>मूळपण का जपायचे?</b>

१९५३ नंतर सरकारच्या नव्या धोरणामुळे परदेशी कंपन्यांना भारतात केवळ सुटे भाग जुळवून मोटारी विकणे अशक्य झाले, आणि फोर्ड व जनरल मोटर्स या दोघांनीही येथील कारभार आवरला. सुटे भाग मिळेनासे झाले. मग मालकांनी मूळ इंजिने काढून 'ॲम्बॅसडर'ची किंवा डिझेलची इंजिने बसवली. त्यांना दोष देता येत नाही. गाडी चालती ठेवणे हीच त्यांची गरज होती. पण काढलेले मूळ इंजिन भंगारात गेले, तेथे गाडीचा इतिहासही गेला.

आता कायद्यानेही या मूळपणाची दखल घेतली आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेली, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी किंवा मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क असून ती दहा वर्षे टिकते, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, ही मुख्य अट आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शने, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती बाहेर काढता येते.

म्हणून एक साधी वही करावी. पहिल्या पानावर इंजिनाचा क्रमांक, ओतकामाची तारीख, मोजलेली मापे आणि जुन्या आरसी बुकातील नोंद लिहावी. त्यानंतर जे जे उघडले, बदलले, बसवले, त्याची तारीखवार नोंद छायाचित्रांसह ठेवावी. काढलेला मूळ भाग निकामी असला, तरी चिठ्ठी लावून जपून ठेवावा; उद्या त्यावरूनच नवा करता येईल.

आणि एवढे करूनही इंजिन सुरू झाले नाही, तर? तरी काही बिघडत नाही. त्यात तेल घालून, प्लगची छिद्रे बंद करून, ताडपत्री पुन्हा ओढून ठेवावी. न छेडलेले इंजिन पुढच्या पिढीतील एखादा अधिक जाणता हात सुरू करू शकेल. बळजबरीने मोडलेले इंजिन मात्र मूळचे म्हणून पुन्हा कोणालाही मिळत नाही.